मागचं दार बाहेरूनच उघडतं

१० मे

कामिनी, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. वही तू मार्चमध्येच घेऊन दिली होतीस. तुझी आई काय खाते, किती झोपते, काय विसरते ते रोज लिहायचं आणि पानाचा फोटो तुला मस्कतला पाठवायचा, म्हणजे तू तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवशील. चौथी पास माणसाला लिहायची लाज वाटते, दुसरं काही नाही. त्यात कोराडीची खोली सोडायची होती, सामान बांधायचं होतं. राहून गेलं.

आता मात्र चांगली खबर आहे. काल आम्ही धरमपेठेत आलो. शामलाबाईंच्या बंगल्यामागची खोली मिळाली. खिडकी आहे, खिडकीत कूलर आहे, वर कडुनिंबाची सावली. कोराडीत तीस वर्षं वीजघराची राख पुसूनच ताटं घेतली. इथे दोरीवरचा पांढरा टॉवेल संध्याकाळपर्यंत पांढराच राहिला, ते पाहून माझी कौसल्या हसली. दोन पोळ्या आणि वाटीभर रस खाल्ला. माझं नाव दोनदा बरोबर घेतलं.

बाई पुण्याला असतात. काम एवढंच, झाडांना पाणी घालायचं, फाटक सांभाळायचं आणि गॅरेजमधली जुनी गाडी विकून द्यायची. गाडी विलायती आहे, मॉरिस, बाईंच्या सासऱ्यांनी घेतलेली. वीस-बावीस वर्षं जागची हललेली नाही. चारही चाकं बसली आहेत, पण पत्रा असा जाड की टिचकी मारली तर पितळी भांड्यासारखा वाजतो. हौशी लोक अशा गाड्या घेऊन पुन्हा उभ्या करतात म्हणे. महिनाअखेर गॅरेज रिकामं झालं तर खोली आपली, आम्ही दोघं आहोत तोवर. नाही तर बाई दुसरा माणूस बघतील. फोटो पाठवतो, तू मोबाइलवर जाहिरात टाक.

१३ मे

गाडी धुतली. खाली हिरवट रंग निघाला, तळ्याच्या पाण्यासारखा. आत लाल सीट आहेत, उंदरांनी एक कोपरा खाल्ला आहे. मागच्या दारांना आतून मूठ नाही. कोणीतरी स्क्रू काढून नीट काढून घेतली आहे. दार बाहेरूनच उघडतं. जाहिरातीत हेही लिही, लपवाछपवी नको.

आई मागच्या सीटवर जाऊन बसली. तिला मोहप्याला जायचं होतं, माहेरी. म्हणाली, “चाल न गा, काहून उशीर करून राहिला?” मी पुढे बसून तोंडानेच हॉर्न वाजवला. कळमेश्वर आलं, मोहपा आलं, असं सांगत राहिलो. खूश झाली.

उतरताना ती मागे वळून, येतो वं माय, असं कोणाला तरी म्हणाली. तिच्या आईला म्हणाली असेल.

१६ मे

हे पान पाठवणार नाही.

काल आई फाटकाबाहेर निघून गेली. समोरच्या रामाजी इस्त्रीवाल्याने चौकातून धरून आणली. आज मला गाडीसाठी मेणकापड आणायला इतवारीत जायचं होतं. खोलीची कडी ती हिसके देऊन पाडते. म्हणून तिला गाडीत बसवलं, काच दोन बोटं खाली ठेवली, पाण्याचा गडू दिला आणि दार लावून घेतलं. तासाभरात येतो म्हटलं.

मेणकापड लगेच मिळालं होतं. पुढे बांगड्यांचं दुकान दिसलं. तिच्या हातात जुन्या दोनच उरल्या होत्या, म्हणून हिरव्या बांगड्या घेतल्या. मग गल्लीत हातगाड्या अडकल्या. परत यायला अडीच तास झाले.

पळत गॅरेजमध्ये गेलो. ती शांत बसली होती. अंगावर घामाचा थेंब नाही. म्हणाली, “त्या बाईनं पदरानं वारा घातला मले. पाणी सारं तिनंच पेलं. लई तहान हाय तिले.”

गडू कोरडा होता. काचेवर आतून हाताचे दोन पंजे उमटले होते. कौसल्याचे हात लहान आहेत, कामिनी.

बांगड्या भरताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

१९ मे

रामाजीला खोदून विचारलं. तो आधी चेष्टेवर नेत होता, काका, गाडी विका नाही तर भंगारात घाला, तुम्ही त्यात बसू नका म्हणजे झालं. मग त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि सांगितलं.

बाईंच्या सासूबाई, पार्वतीबाई. म्हातारपणी सगळं विसरल्या. विधवा बाई, मोकळे हात, पांढरं पातळ. दिवसभर माहेरी जायचं म्हणत फाटकाकडे धावायच्या. घरच्यांनी युक्ती काढली. मूठ काढून घेतली आणि दुपारी त्यांना मागच्या सीटवर बसवून ठेवू लागले. गाडी येते, ड्रायव्हर येतो, असं सांगायचे. एकदा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला त्या दिवशी सगळे लग्नाला गेले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने दार उघडलं असेल.

लोकांना सांगितलं, झोपेत गेल्या.

मी दाराच्या आतल्या बाजूने हात फिरवून पाहिला. जिथे मूठ होती तिथे खाली ओरखडे आहेत. बोटं बसतात त्यात.

मीही तेच केलं. युक्तीही तीच.

२१ मे

आईला गाडीजवळ जाऊ देत नाही. गॅरेजला कुलूप लावलं. ती दारापाशी बसून ऐकत राहते. जेवली नाही. म्हणते, गाडीतली बाई म्हणून राहिली, तू ये, मी उतरतो.

२२ मे

गौरांग नावाचा मुलगा गाडी बघून गेला, तू ज्याच्याशी बोललीस तोच. भला आहे. बॉनेटवर हात ठेवून गाय बघावी तशी गाडी बघत होता. दोन वर्षं लागतील, पण चालवीन म्हणाला. मग विचारलं, काका, गाडीत कधी काही वाईट तर घडलं नाही ना, माझी आई फार मानते.

मी नाही म्हणालो.

खोली जाईल म्हणून नाही म्हणालो. तुझ्या आईला घेऊन कुठे जाऊ या उन्हात?

तो मागचं दार उघडणार होता. मी म्हटलं, आत गांधीलमाश्यांचं पोळं आहे, उघडू नका. तो म्हणाला, मग शेडमध्ये नेऊन ठेवतो, आठवड्याने धूर करून उघडू. शनिवारी ट्रक आणतो.

२४ मे

कुलूप तसंच असताना आतून काच वाजते. नखाने वाजवावी तशी.

आई इकडून भिंतीवर वाजवते—

२५ मे, दुपारी १२

नवतपा लागला. ट्रक आला आहे.

आधी खोलीत पाहिलं. आई खाटेवर होती, भिंतीकडे तोंड, डोक्यावरून चादर. हाक मारली तर हुंकार दिला. मग गॅरेजमध्ये गेलो. कुलूप काढलेलं होतं. सकाळी मीच काढलं असेल.

मागच्या सीटवर कोणी बसलं होतं. पांढरे केस, पाठ माझ्याकडे.

पार्वतीबाईच, हे मला कळलं. मी डोळे मिटले, मेणकापड टाकलं आणि चारही कोपरे दोराने बांधले. गौरांगने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. लवकर न्या म्हटलं. गाडी वर चढताना आत काहीतरी किणकिणलं. काच हलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं—

१:१०

कामिनी, ही सगळी पानं पाठवतो आहे, सोळा तारखेचंही—

जेवायला उठवलं. चादरीतून हात बाहेर आला. मोकळा. एकही बांगडी नाही. नखं तुटलेली. पाणी मागते आहे. तिसरा गडू झाला—

बांगड्या गाडीत वाजल्या. मी ऐकल्या. मी बांधलं, मीच—

गौरांगचा फोन बंद आहे. रामाजी आधी चौकीत, मग सायकलने ट्रकमागे गेला, पण कोणता रस्ता, कोणती शेड, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. पत्ता त्याने तुला पाठवला असेल. तू ड्यूटीवर आहेस, तरी फोन बघ. बाहेर सेहेचाळीस आहे. काच पूर्ण वर होती की दोन बोटं खाली, मला आठवत नाही—

ही उठून बसली आहे. विचारते, घरचे लग्नाहून आले का—

गाडी कुठे नेली, लवकर कळव, पोरी, लवकर. त्याला सांग माश्या नाहीत, मी खोटं बोललो. त्याला सांग, मागचं दार बाहेरून