काळी पाच

१५ एप्रिल २००१

काल जयंतीच्या कार्यक्रमात वन्समोअर मिळाला. मला नाही — अंजनाला! पार्टी माझी, बोर्डावर नाव 'यशोधरा आणि पार्टी', आणि वन्समोअर कोरसमधल्या बाईला. दिवाळीत डिंभ्याहून लग्न होऊन आमच्या वारूळवाडीत आली, गाता येतं म्हणाली, म्हणून मीच तिला मागे उभी केली. काल एक गाणं दिलं, तर हे! माझ्या चवदार तळ्याच्या गाण्याला टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण उरकल्यासारख्या.

१७ एप्रिल

रियाज नाही. खरं तर ती आल्यापासून धड बसलेच नाही. पहाटे उठते, आणि वाटतं, ती आत्ता बसली असेल. मग माझं मनच उडतं. चहा ठेवते.

१९ एप्रिल

अंजनाकडे एक डबी असते. गाण्याआधी त्यातलं काहीतरी तोंडात टाकते. आज विहारात तालमीला विचारलंच. म्हणे, "जेष्ठमध हाय ताई, घ्या की." घेतलं नाही. इतक्या सहज कोण देतं?

२२ एप्रिल

बुद्धपौर्णिमेला घोडेगावचा कार्यक्रम ठरला. पुण्याचा कॅसेटवाला ऐकायला येणार आहे. एकच आवाज घेणार. सावळेरामदादांनी ही बातमी सांगितली ती पेटी पुसत पुसत, माझ्याकडे न बघता. माझ्या वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे पेटी वाजवतात, कधी नजर चुकवली नव्हती. तालमीनंतर दादांनी अंजनाला गाडीवर बसवून घरी सोडलं. तिचं घर दोन गल्ल्यांवर आहे.

२५ एप्रिल

चवदार तळ्याच्या गाण्यात वरची ओळ घेताना आवाज फाटला. सगळ्यांसमोर. ढोलकीवाला खाली बघायला लागला. अंजनाने मागून ती ओळ उचलली. सावरली की हिसकावली?

२६ एप्रिल

भांडी घासताना डोक्यात आलं. दादांनी सुराची पट्टी वाढवली आहे! वर चढवून ठेवली की माझा आवाज फाटणार, अंजनाचा उठून दिसणार. इतकी वर्षं गाते, पण पेटीकडे कधी बघितलं नाही. दादा सूर देतात, मी उचलते. आता बघणार.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तू पयला रियाज कर, मंग पेटीचं बघू." जयंतीला वन्समोअरची पहिली आरोळी यांचीच होती.

२७ एप्रिल

बघितलं. दादा सूर देतात ती पट्टी काळी पाच.

२९ एप्रिल

नारायणगावला गेले. नवाबभाई पेट्या दुरुस्त करतात. सहज विचारल्यासारखं विचारलं, काळी पाच म्हणजे उंच का? म्हणाले, "लई उंच. दमाचं मानूस पायजे." झालं. मला आणखी काय पाहिजे?

२ मे

तालमीत सगळ्यांदेखत बोलले. "दादा, पट्टी कोणासाठी वाढवली ते सांगा."

दादांनी पेटीचा भाता लावून टाकला. "वाढवली कुठं? तुजीच पट्टी हाय ती. तुज्या बापानं ठरवून दिल्याली. ही पोरगी आल्यापासून म्हनतीया, मला वर जातंय, घसा दुखतो, काळी चार घ्या. म्या म्हनलं, पार्टी यशोधराची, पट्टी बी तिचीच राहनार."

अंजनाच्या डोळ्यांत पाणी. मी चप्पल घातली आणि घरी आले.

३ मे

विश्वास बसेना. लग्नाआधी वडिलांनी माझं गाणं घरच्या टेपवर भरलं होतं. ती कॅसेट शोधली आणि पुन्हा नवाबभाईंकडे गेले. ते ऐकत ऐकत पेटीवर बोटं फिरवत होते, एका जागी थांबले. काळी पाच.

"कोन बाई हाय ही? काय गळा हाय!"

सांगितलं नाही.

४ मे

पहाटे बसले. काळी पाच लागली नाही. काळी चारवरही चिरकले. आणखी खाली, पांढरी पाचवर कसाबसा आवाज टिकला. सहा महिन्यांत इतकी खाली आले, आणि पेटी ज्याच्या हातात त्याच्यावर आळ घेतला.

मला अंजनाचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. तिच्या गळ्यावर नजर ठेवून बसले, माझा गेला.

५ मे

पुन्हा बसले. तासभर. ती काय करत असेल, असं दोनदाच मनात आलं. दुपारी तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच — "ज्येष्ठमध आहे का गं?"

६ मे

दादांना सांगितलं, उद्या घोडेगावला काळी चार लावा. अंजना पुढे, मी कोरसला. दादा म्हणाले, "मन लई मोठं हाय तुजं."

मोठं मन कसलं! काळी चार तिला लागते. मला अजून लागत नाही.