आठ थेंब आणि निळा रंग

बाबा, आज सकाळी मी हात न टेकता खुर्चीवरून पंधरा वेळा उठले आणि बसले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला हे कसलं खूळ लागलं, असं तू म्हणाला असतास. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या वयात कंबर आटोक्यात आणि मांड्या मजबूत राहिल्या तर साखरही ताब्यात राहील. म्हणून मी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलते, संध्याकाळी खाडीच्या बांधावर चालते, मासळी पोटभर खाते आणि भात एकच पळी घेते. तुझी साखर माझ्यातही आली. तू गेलास त्या वयापेक्षा मी कितीतरी वर्षं जास्त जगले, आणि ती सगळी वर्षं तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. तू मला विचारलं होतंस, का? तेव्हा माझ्या वतीने आई बोलली होती.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तू मिठागरावर मीठ वाहणारा गडी होतास. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेऊन अरुंद बांधावरून जवळजवळ धावायचास, असं लोक सांगायचे. मला आठवतोस तो मुकादम झालेला. पाटी गेली, हातात छत्री आली आणि पोट सुटलं. पाय मात्र काठ्या झाले. गावाला त्याचं कौतुकच होतं, मुकादमाची तब्येत सुधारली म्हणायचे, आणि आई तुझ्या ताटात भात दाबून दाबून वाढायची. मार तर ती आधीपासूनच खात होती. पण पाट्या वाहायचास तेव्हा दमून निदान लवकर आडवा व्हायचास. मुकादम झाल्यावर अंगात जोर शिल्लक राहायचा आणि तो तिच्यावर निघायचा.

मग तुला तहान लागायला लागली. हंडा पुरेना. उरणच्या बाजारातल्या डॉक्टरांनी तुला तपासलं तेव्हा मी दाराशी उभी होते. ते म्हणाले, "मुकादम, भात अर्धा करा. गूळ आणि ताडी बंद. आणि रोज दोन-चार पाट्या स्वतः उचला, नाहीतर हे पोट तुम्हाला खाऊन टाकेल." त्यांनी एक काचेची नळी दिली, स्पिरिटचा दिवा दिला आणि निळ्या औषधाची बाटली दिली. घरात वाचता येणारी मी एकटी, चौथीतली, म्हणून मलाच शिकवलं. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि उकळी. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही, बरं. हिरवं, पिवळं झालं तर वाईट, आणि विटेसारखं लाल झालं तर फार वाईट. दर सोमवारी सकाळी हे करायचं होतं.

पहिला सोमवार मला जसाच्या तसा दिसतो. तू ओटीवर बसला आहेस, मी चुलीपाशी दिव्यावर नळी धरली आहे, आई भात ढवळते आहे.

"कंचा रंग?" तू विचारतोस.

"लाल हाय, बाबा."

तू ओरडला नाहीस. उठून आत आलास, आईच्या हातातली पितळी पळी काढून घेतलीस आणि तिच्या तोंडावर मारलीस. "मना मारायला बसलीस? काय घातलास जेवनात?" दोन दात पडले. एक भाताच्या टोपात पडला, तो मी बोटांनी शोधून काढला. पुढच्या सोमवारी पुन्हा लाल. या वेळी फावड्याचा दांडा होता, आणि तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच हाताला फडकं बांधून तिने दुपारी तुझे मासे साफ केले. मला तुझी भयंकर चीड आली होती.

तिसऱ्या सोमवारी तुझ्या लघवीचा पत्र्याचा मग मी परसात शेवग्याच्या बुंध्याशी ओतला आणि त्यात माझी लघवी घेतली. आठ थेंब. उकळी. रंग निळाच राहिला.

"निला हाय, बाबा."

"औषध लागू परला," तू म्हणालास आणि हसलास. त्या आठवड्यात तू तिला हात लावला नाहीस. पुढच्याही नाही. बाजारातून माझ्यासाठी निळ्या काचेच्या बांगड्या आणल्यास, स्वतःच्या हाताने चढवल्यास आणि माजी पोर डाक्टरीन हाय म्हणून ओटीवर बसलेल्यांना सांगितलंस. मला त्या बांगड्या आवडल्या होत्या. शेवग्याच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली. आईने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चुलीतली राख आणून त्यावर टाकली. दर सोमवारी ती राख टाकायची.

रंग निळा म्हणून तू पुन्हा भात दाबून खाऊ लागलास. गूळ आला, ताडी आली. चार महिने घरात कुणी रडलं नाही. मग खाडीत कालवाच्या शिंपेने तुझ्या पायाचा तळवा कापला. मिठागरावरच्या माणसाला असल्या जखमा नेहमीच्या, तू चिंधी बांधलीस. ती जखम भरेना. बोट काळं पडलं, वास यायला लागला, आणि तू म्हणायचास, नळी निळी हाय, मग कसली काळजी. तुझा पाय मीच धुवायचे. पाय धुऊन झाला की मगाकडे जायचे आणि पुन्हा निळा रंग करून आणायचे.

ताप डोक्यात गेला तेव्हा डॉक्टर घरी आले. पायाकडे बघून त्यांनी विचारलं, रंग कोणता येत होता? "निला. माजी पोर बघते," तू म्हणालास. त्यांनी आमच्यासमोर नळी उकळली. ती लाल झाली. तू नळीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. माझं मनगट धरून असं पिळलंस की बांगड्या फुटून आत रुतल्या आणि रक्त तुझ्या अंथरुणावर पडलं.

"का?"

आई दारातून म्हणाली, "तू मना मारत व्हतास, म्हून."

तू हात सोडलास. तुला होडीतून मुंबईला नेलं, इस्पितळात पाय कापला, आणि तिसऱ्या दिवशी तू गेलास.

आईचं उत्तर खरं होतं, पण ते पहिल्या काही सोमवारांचं. पुढचं उत्तर माझं आहे. पायाचा वास यायला लागला तेव्हा तुझ्यात कुणाला मारायची ताकदच उरली नव्हती. तेव्हा मी खरं सांगू शकत होते. मला कळत होतं, मी चौथीत होते, दूधपिती नव्हते. तरी मी निळा म्हटलं, कारण घर शांत होतं आणि तू बरा झालास तर ते तसं राहणार नव्हतं. याची मला लाज वाटते, आणि तुझ्यावरचा माझा रागही गेलेला नाही. दोन्ही एकाच छातीत आहेत.

हे पत्र कुठे धाडणार? साखर तपासायच्या मशीनच्या डब्यात, सुयांच्या पुडीखाली घडी करून ठेवते आहे. आता नळी नाही, बोटाला टोचलं की आकडा येतो. आज सकाळी व्यायाम झाल्यावर मी टोचलं. काल नातवाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला होता, आकडा बराच चढला होता. मुलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, किती आली?" हा मुलगा माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेला नाही, आणि त्याची बायको भाजी चिरत गाणं गुणगुणत होती. मी आकडा कमी करून सांगितला.