वाचनालयाच्या खुर्च्यांना मोजे

आधीच सांगते, मी भंगार जमवत नाही. तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे मला. पण तुझ्या भाच्यानं तुला फोन केलाच असेल आणि तू गालातल्या गालात हसला असशीलच, तेव्हा उत्तर घेऊन ठेव. ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याला भंगार म्हणतात. मला कळतं. ज्यांना कळत नाही त्यांनी गप्प बसावं.

असो. ठोंब्या, तुला थोरल्या बहिणीचा भरघोस आशीर्वाद. तुझ्या बायकोलाही, आणि तिच्या गुडघ्यांना वेगळा. तुझी कवळी नीट बसली का? नसली तर डॉक्टरकडे जा, घरी कानशीनं घासत बसू नकोस, तुला ते जमायचं नाही. माझं म्हणशील तर ठणठणीत आहे. पहिल्या फटक्यात सुईत दोरा जातो, बाकी नजरेचं काय लोणचं घालायचंय?

तर झालं असं. आमची मागची गॅलरी तू बघितलीयस. तिथं माझं सामान असतं. तुटक्या छत्र्यांचं कापड (त्याच्या पिशव्या होतात, थेंब आत जात नाही), बिघडलेल्या चेना, पत्र्याचे डबे, उसवलेल्या स्वेटरांची लोकर आणि एकटे पडलेले मोजे. (जोडीतला एकच मोजा कसा हरवतो आणि कुठं जातो, हे मला सत्तरी उलटून गेली तरी कळलेलं नाही. दोन्ही हरवले असं कधी ऐकलंयस? नाही ना.) आता तुझ्या भाच्याचं ऑफिस घरी आलं. त्याला टेबल टाकायला गॅलरी पाहिजे. मी म्हटलं, मांडीवर घेऊन कर की काम, मांडी काय भाड्यानं दिलीयस? त्यावर तो बायकोकडे बघायला लागला. त्याचं अवघड काम नेहमी तीच करते. सूनबाई तशी वाईट नाही, पण बोलते मोजून. म्हणाली, "आई, महिनाभराची मुदत. या ढिगातून घराबाहेरच्या एका तरी माणसाच्या उपयोगाचं काही करून दाखवा. गॅलरी तुमची. नाहीतर भंगारवाला."

मी म्हटलं, चालेल. मनात म्हटलं, तीस वर्षांचा माल आहे बाई, तुला कल्पना नाही.

मी रोज सकाळी वाचनालयात जाते ते पेपर वाचायला. घरचा पेपर तुझा भाचा आधी घेतो आणि घडी मोडतो, मला मोडलेल्या घडीचा पेपर चालत नाही. तिथं चाळीस खुर्च्या, लोखंडी पायांच्या. पायांखालची रबरं झिजून गेलेली. परीक्षेवाली पोरं दिवसभर तिथं अभ्यासाला बसतात, आणि एक जण उठला की किर्रर्र! दाढेत कळ जाते. मग ग्रंथपालबाई शूऽऽ करतात, ते खुर्चीपेक्षा मोठ्यानं. रबरांसाठी कमिटीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत काय ठरलं, तर चौथी घ्यायची. एवढा घोळ! मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, आठ दिवस द्या मला. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, मोजे घालणार. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

चाळीस खुर्च्या म्हणजे एकशे साठ पाय. (चौथीपर्यंतचं गणित आहे, पुढच्या शाळेची गरज पडली नाही.) एका मोज्यात दोन टोप्या निघतात. बोटांकडची आयती, आणि वरच्या नळीला तळाशी चार टाके घातले की दुसरी. म्हणजे मोजे पाहिजेत ऐंशी. माझ्याकडे निघाले त्रेपन्न. मग बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. माणसं बघ काय चमत्कारिक असतात, दागिने मागितल्यासारखी दारं अर्धी लोटून बोलत होती. एकेक करून सोळा निघाले. शेवटी रिटायर पोस्टमननं एकट्यानं अकरा काढून दिले आणि म्हणाला, सगळे डाव्या पायाचे आहेत हं, चालतील ना? आता मोज्याला डावा-उजवा कुठला? पण इतकी वर्षं चालून त्यानं हे ठरवलंय तर आपण कशाला मोडता घालायचा? चालतील म्हटलं. टोप्या सुटू नयेत म्हणून पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूबा आणल्या. त्यांच्या बारीक चकत्या कापल्या की झाली रबराची वळी, जन्मात तुटत नाहीत. आठव्या दिवशी चाळीसच्या चाळीस खुर्च्या मोजे घालून उभ्या. लाल, निळे, चौकडीचे, एकावर बदक. पोरं हसली. पण किर्रर्र बंद! ग्रंथपालबाईंनी सवयीनं एकदा शूऽऽ केलं आणि स्वतःच ओशाळल्या.

आणि मग अध्यक्ष आले.

हे कमिटीचे अध्यक्ष बसत नाहीत, पडतात. खुर्चीसमोर पाठ करायची आणि शरीर सोडून द्यायचं, अशी त्यांची पद्धत. फरशी त्याच दिवशी पुसलेली, गुळगुळीत. खुर्ची जी मागं गेली, ती थेट कोशांच्या कपाटापर्यंत. आणि गेली ती अजिबात आवाज न करता, हे मी मुद्दाम सांगते. आवाज झाला तो अध्यक्षांचा. पेपर हातात तसाच उघडा. लागलं काही नाही, अंगावर पुष्कळ आहे. पण उठून म्हणाले, "कुणी केला हा आचरटपणा? उद्या संध्याकाळच्या आत काढा सगळं." बातमी माझ्याआधी घरी पोचली. सूनबाईनं फोन उचलला आणि भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यायला सांगितलं.

आता माझं चुकलं कुठं, ते सांगते. मी खुर्ची ओढणाऱ्याचा विचार केला, बसणाऱ्याचा केलाच नाही. माणूस बसताना खुर्चीला मागं रेटतो. म्हणजे पुढचे दोन पाय घसरायला पाहिजेत आणि मागचे दोन अडायला पाहिजेत. मागच्या टोप्यांना रबराचा तळ लावला की काम झालं. त्या मी येतानाच उतरवून घरी आणल्या होत्या. पण ऐंशी तळ कापायचे कुणी? माझी कात्री ट्यूबवर चालवून चालवून बोथट झालेली.

तेवढ्यात नऊ वाजले आणि भंगारवाला आला. त्याच्या हातात पत्रा कापायची कात्री.

मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि ट्यूबा पुढ्यात टाकल्या. तो म्हणाला, "आजी, मी उचलायला आलोय." मी म्हटलं, उचल की, ही ट्यूब उचल आणि हे बघ, एवढा गोल काप. "कशासाठी?" सांगितलं. तर तो उकिडवा बसला, खुर्चीचा पाय कसा टेकतो ते हातानं करून बघितलं आणि म्हणाला, "गोल नको, थोडा लांबट कापू. मागची कड आधी झिजते." बघ! याला म्हणतात डोकं. तुझा भाचा एवढा शिकला, त्याला सुचलं असतं? बारापर्यंत तो कापत होता आणि मी जाड सुईनं टाचत होते. सूनबाई दोनदा दारात येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती सुई घेऊनच आली. (एक बोटही टोचून घेतलं तिनं. मी काही बोलले नाही. मी तशी समजूतदार आहे.)

चार वाजता वाचनालयात गेलो, तिघंही. टोप्या चढवल्या. अध्यक्ष आले. या वेळी असे बसले, जसं काही कढत पाण्यात पाय घालतायत. खुर्ची हलली नाही. जरा रेलले. नाही हलली. मग उठले, आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीनं पडले. ठोंब्या, खुर्ची जागची तसूभर हलली नाही! खुर्चीची पाठ किंचित उचलून ओढली तर लोण्यातून गेल्यासारखी, आवाज नाही. एवढी शांतता झाली की मागच्या बाकावरचं घोरणं सगळ्यांना ऐकू आलं. अध्यक्ष म्हणाले, "हं. ठीक आहे." त्या माणसाच्या तोंडून ठीक निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या. ग्रंथपालबाईंनी माझे दोन्ही हात धरले. आणि सूनबाईनं स्वतः तीन खुर्च्या ओढून बघितल्या आणि म्हणाली, "आई, गॅलरी तुमची." भाच्याचं टेबल आता पलंगाशेजारी आहे. चांगलं चाललंय त्याचं, नुसता कण्हतो.

तर जिंकले मी. हे सगळ्यांना सांग.

तुझी,
आक्का

ता. क. : वाचनालयाच्या वर सभागृह आहे, तिथं दोनशे खुर्च्या आहेत. मी हो म्हणून बसलेय.

आणखी ता. क. : गावभरचे लोक आता आपणहून सामान आणून देतायत. भंगारवालासुद्धा मला विकत नाही, नुसता ठेवून जातो. सूनबाईनं गॅलरीच्या उंबऱ्यावर खडूनं रेघ मारलीय, रेघेपलीकडे एक बटणही नाही म्हणाली. तिचंही बरोबर आहे. तेव्हा तुझ्या जिन्याखालची जागा रिकामी कर. सात गोण्या आहेत. टेम्पोवाला आज सकाळीच निघालाय, म्हणजे नको म्हणून फोन करायच्या भानगडीत पडू नकोस. बायकोला गोण्या आत घेतल्यावर सांग, आधी नको.

शेवटचं : गोण्यांत काय आहे ते विचारायचं नाही. मी सांगणार नाही.