दादाच्या सवयींची सायकल

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

गुडघ्यांमुळे तू तुझी आपोआप गिअर बदलणारी सायकल मला देऊन टाकलीस, त्या उपकाराबद्दल लिहायला बसलो आहे. आमच्या जुन्या सायकलींना बिचाऱ्यांना अक्कल नव्हती. गिअर आपणच बदलायचा. ही विदुषी चढ मोजते, पायांचा वेग मोजते, छातीला बांधलेल्या पट्ट्यावरून काळजाचे ठोके ऐकते (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं काळीज एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं) आणि चालवणाऱ्याच्या सवयी शिकून त्याच्या मनात यायच्या आधीच गिअर बदलते. सवयी शिकते, एवढं लक्षात ठेव.

रविवारी टेकडीवर आमच्या क्लबची निवड चाचणी होती. संघात एकच जागा उरली आहे आणि ती मला हवी आहे. खरंच हवी आहे रे. आजवर मी संघाच्या फक्त पाण्याच्या बाटल्या भरल्या. अर्धी टेकडी असा चढलो की आमचे कॅप्टन (पेशाने दातांचे डॉक्टर, पण त्या दिवशी आ त्यांनीच वासला होता) बघतच राहिले. मग वळणावरचा बसायचा बाक आला आणि तुझ्या सायकलने कुणालाही न विचारता सगळ्यात हलका गिअर टाकला. पाय गरागरा फिरताहेत आणि सायकल जागची हलेना. काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा मागून आले, आपुलकीने माझी विचारपूस केली आणि पुढे निघून गेले.

अर्ध्या वाटेत बसकण मारायची सवय आपल्या घरात कुणाची, हे मी लिहायला नको. कॅप्टनना मी तेच सांगितलं, की यंत्रात थोरल्या भावाच्या सवयी मुरल्या आहेत. भला माणूस. येत्या रविवारी पुन्हा संधी देतो म्हणाले, फक्त भावाकडून तसं लेखी आणा.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ

ता. क. तुझ्या भावजयीने माहितीपुस्तिका वाचली. (कुणी वाचायला सांगितली होती?) ती म्हणते, सायकलमध्ये माझं नाव घातलं त्याच दिवशी तुझ्या सवयी पुसल्या गेल्या, आणि सरावाला जाताना त्या बाकावर रोज मीच टेकतो. तेव्हा तू एवढंच लिही, की सायकल देण्याआधी तू आमच्याकडे राहायला होतास, रोज टेकडीवर जायचास आणि नेमका बाकाजवळ तुला दम लागायचा. वहिनींनाही तसंच पढवून ठेव.

ता. क. २ वरचं लिहायची आता गरज नाही. तुझी भावजय आज सकाळी कॅप्टनच्या डोळ्यांदेखत त्याच सायकलवरून टेकडी न थांबता चढली आणि त्यांनी ती जागा तिला देऊन टाकली. बाकाजवळ गिअर हलका झाला तेव्हा तिने म्हणे मुठीजवळचं बटण दाबून तो परत जड करून घेतला. असं बटण असतं, हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस.