सातातला आठवा ठोका

६ फेब्रुवारी

काम मिळालं! कंडक्टरचा फोन – जुन्या रॉक बँडांची लांबलचक गाणी पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी बसवायची आहेत. पाच गाणी, त्यातलं एक आमचं. आमचं! एकोणीस मिनिटांचं, चार भागांचं, सात-सात ठोके मोजत वाजवायचं. तेव्हा शेजारीण म्हणायची, यांचं गाणं संपेपर्यंत धुणं वाळतं. तेच आता बहात्तर माणसं काळे कपडे घालून वाजवणार, आणि बहात्तर जणांचं मी लिहून देणार. पंचवीस वर्षं शाळेत पोरांची बेसूर समूहगीतं सोसली, त्याचं फळ म्हणायचं.

पण चाल दादाची आहे. त्याला विचारायला हवं.

७ फेब्रुवारी

दादाकडे गेले. वहिनी खूश झाली. दादा पेपरातून बाहेर येईना. "सूटबूट घालून रॉक? वाजवा, वाजवा." मग पेपराआडूनच – "तिसऱ्या भागातली माझी चूक तेवढी काढ. नाहीतर माझं नाव घालू नकोस."

बेचाळीस वर्षं झाली, तरी गाडी तिथेच! एकच टेप झाली होती आमची, कॉलेजच्या रिकाम्या सभागृहात. तिसऱ्या भागात गिटार अडखळते आणि सातात एक आठवा ठोका घुसतो. रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं टेप परत केली – "मधेच लंगडतं." महिन्याभरात दादा विमा कंपनीत चिकटला. गिटारला पुन्हा हात म्हणून लावला नाही.

११ फेब्रुवारी

दिवसभर हॉर्नवाल्यांचे सूर लिहिले. डोळे गेले, पण मन मावशीच्या गोदामात. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये आमची तालीम. माझा ऑर्गन उचलायला एका बाजूनं दादा, दुसऱ्या बाजूनं ठोक्या – आमचा ड्रमर – आणि मागून मी, "जपून रे!" मी सतरा वर्षांची, दादा चोवीसचा. नवा भाग सुचला की अंगात वारं शिरल्यासारखा फिरायचा. भांडी घासतानासुद्धा मला सात मोजायला लावायचा. इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही. लिहिलं एकदाचं.

१९ फेब्रुवारी

चेलोवाल्यांना म्हणे सात मोजायला जड जातंय. भांडी घासायला पाठवा माझ्याकडे!

२६ फेब्रुवारी

हे लिहून ठेवायलाच हवं.

तिसरा भाग दुरुस्त करायला बसले होते. चूक नेमकी कुठे, ते कळावं म्हणून टेप निम्म्या वेगानं लावली. ऐकली. परत ऐकली. वीस वेळा तरी.

दादा वेळेवरच आला होता. त्याचा पहिला सूर बरोबर जागेवर आहे, जेमतेम उमटलेला. मग त्यानं तो बोटानं दाबून टाकलाय. कारण ऑर्गन अजून मागच्याच सुरांवर बसलाय! एक पूर्ण ठोका. मी उशीर केला. त्यानं नकळतच माझ्यासाठी थांबून पुन्हा सुरुवात केली, ठोक्यानं त्याला सांभाळून घेतलं, आणि ऐकणाऱ्याला वाटलं गिटार अडखळली.

त्या दिवशी सभागृहात टेप थांबल्या थांबल्या पहिली ओरडले होते ती मीच. "दादा, घाई केलीस!" सगळ्यांनी मान डोलावली. त्यानंही.

२७ फेब्रुवारी

सांगायला हवं. नको. आता सांगून काय मिळणार? सांगायलाच हवं.

३ मार्च

सांगितलं. टेप बरोबर नेली होती. दादानं तीनदा ऐकली. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं हसेल, टपली मारेल. वेडी मी!

"बेचाळीस वर्षं," म्हणाला. "रोज ऑफिसला जाताना तो एक ठोका मोजत गेलो मी. आणि तो तुझा होता?"

"मला माहीत नव्हतं रे."

"विचारलं होतंस का कधी टेपला?"

उठून आत गेला. वहिनी दारापर्यंत आली, माझा हात धरून म्हणाली, "थोडे दिवस जाऊ द्या." रडू आवरेना. बस सोडून चालतच घरी आले.

९ मार्च

दादा फोन उचलत नाही.

कंडक्टरनं विचारलं, "इथे सात की आठ? छपाईची चूक आहे का?" म्हटलं, चूक माझी आहे, आणि ती तशीच वाजवायची. बहात्तरच्या बहात्तर जणांनी. तो आठवा ठोका मी आता सगळ्यांच्या कागदावर लिहिलाय, ठळक. दुरुस्त करणं म्हणजे दादाचं थांबणं पुसून टाकणं. ते माझ्याच्यानं होणार नाही.

मी लिहिलेल्या स्कोअरची एक प्रत दादाला पोस्टानं पाठवली. चिठ्ठी नाही. काय लिहायचं?

१४ मार्च

काही नाही.

२१ मार्च

सकाळी फोन. दादा!

"माझा सोलो ओबोला दिलायस?"

"हो."

"कोण वाजवतं?"

"एक मुलगी आहे. चांगली आहे."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माझी बोटं आता चालायची नाहीत. पण ते कागद बघून वाजत नाही. रविवारी तिला माझ्याकडे पाठव."

बरं म्हटलं. फोन ठेवणार, तर –

"आणि तुला काय वेगळं आमंत्रण लागतं?"