घारपंख्याचे जुने-नवे अंक आणि मळवलीचे चहाचे दुकान

मी, झुंबरबाई कोंडाजी केदारी, वय सुमारे बासष्ट, धंदा मळवली स्टेशनाबाहेर चहाचे दुकान, राहणार भाजे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. पोटात गाठ आहे, ती काढायला सोमवारी पुण्याला जायचे आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. काळजी मी करीत नाही, पण माझ्यामागे दुकानावरून भांडण नको. लोणावळ्याच्या वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात घारपंख्याचे नावच नव्हते. त्याच्यावाचून माझी व्यवस्था कोणाला कळायची नाही, म्हणून तो मसुदा बाजूला ठेवून मी नव्याने लिहिते.

कलम १. भाज्यातील राहते घर माझे यजमान कै. कोंडाजी यांच्याकडून मला आले. आम्हाला मूलबाळ नाही. ते घर, परसातल्या फणसासह, माझ्या दिराचा मुलगा गोरख भिमाजी केदारी याला द्यावे. मागच्या पडवीचे कौल गळते. ते मी त्याला सांगून दमले, आता घर त्याचे आणि गळतीही त्याचीच.

कलम २. घारपंख्याच्या चित्रकथांचे जुने अंक. ज्यांनी हे वाचलेले नाही त्यांच्यासाठी लिहिते की, घारपंख्या म्हणजे दिवसा कचेरीत कारकुनी करणारा, फेटा बांधणारा एक भला माणूस. कोणी संकटात सापडले की तो पाठीला घारीचे पंख लावून उडतो आणि विखारशास्त्री नावाच्या दुष्टाचे बेत मोडतो. महिन्याला एक अंक मुंबईहून निघे.

गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी पन्नाशीच्या घरात होते. अक्षरे शिकले, पण त्या वर्गाच्या पुस्तकात कंपोस्ट खताशिवाय काही घडतच नसे. मग एकदा लेणी बघायला आलेली मंडळी माझ्या बाकावर घारपंख्याचा अंक विसरून गेली. तो कड्यावरून उडी घेत होता आणि तोंडाजवळच्या फुग्यात काहीतरी लिहिले होते. तो काय म्हणतो ते कळेना, म्हणून मी नेटाने वाचायला लागले. "थांब, दुष्टा!" एवढेच होते, पण मला केवढा आनंद झाला.

वरच्या ठाकरवाडीतली चिमाबाई शिदू ठाकर तेव्हा मोळी विकायला खाली येई. मी अडखळत मोठ्याने वाची आणि ती मोळी तशीच टेकवून ऐके. तिला अक्षर येत नाही, पण चित्र ती माझ्याआधी वाचते. ऐकता ऐकता ती पेले विसळू लागली, मग चहा गाळू लागली. दोघातिघांनी कुरकुर केली, "ठाकरणीच्या हातचा च्या?" मी म्हटले, "दुसरा च्या लोणावळ्याला मिळतो. चालत जावा." कोणी गेले नाही.

पुढे सासष्ट साली अंक बंद पडला. तोही असा की घारपंख्याचा एक पंख तुटलेला, एका हाताने कड्याला लोंबकळतोय, खाली दरी, आणि कोपऱ्यात 'क्रमशः'. त्यानंतर काही नाही. आम्ही दोघींनी त्याला किती तऱ्हांनी खाली उतरवला असेल! मी म्हणे त्याची बायको मंजिरी दोर टाकील. चिमाबाई म्हणे, "ती काय टाकतीय! ती निस्ती वराडती."

आता गोरखबद्दल. त्याने माझे सगळे अंक रद्दी समजून लोणावळ्यात एका चिक्कीवाल्याला देऊन टाकले. मला कळताच मी आणि चिमाबाई गाडीत बसलो. चिक्कीवाला म्हणाला, पाने फाडून पुड्या बांधून झाल्या, आता काय करू? मग आम्ही पुड्याच विकत घेतल्या. शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची, जी पुडी घारपंख्याची ती आमची. महिनाभर सारे भाजे आमची चिक्की खात होते आणि माझी एक दाढ त्यातच गेली. तेलकट पाने मी गोधडीच्या दोऱ्याने शिवली. जी मिळाली नाहीत त्यांच्या जागी चिमाबाई तोंडाने सांगते, आणि खरे सांगते, छापल्यापेक्षा बरे सांगते. हे शिवलेले अंक मी चिमाबाईला देते. गोरखने त्यांना हात लावू नये.

कलम ३. नवे अंक. यंदा घारपंख्या पुन्हा निघाला, पहिल्या अंकापासून. मी काही मोठी जाणकार नव्हे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचणारी बाई. पण मत आहे ते लिहिते. वकीलसाहेब म्हणाले होते, असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. कागद गुळगुळीत आहे, रंग झकास आहेत. मंजिरी आता ओरडत नाही, स्वतः विमान चालवते, हे फार चांगले झाले. विखारशास्त्री पूर्वीपेक्षा जास्त हसतो आणि कमी काम करतो. घारपंख्याचा फेटा गेला, मिशी गेली, अंगाला चिकटलेला रबरी पोशाख आला. आमच्या पावसाळ्यात तो वाळायचा कधी? हेही चालले असते. पण त्याला कड्यावरून उतरवलाच नाही! जणू तो कधी लोंबकळलाच नव्हता. नवा कोरा पोरगा, बिनलग्नाचा, आणि त्याची आईसुद्धा मेलेली दाखवली. मी अंक फेकून दिला.

चिमाबाईने तो उचलला, पुसला आणि चित्रे बघत बसली. मग म्हणाली, "आक्का, त्यो पडला आसंल गं. ह्यो त्येचा नातू. म्हाताऱ्याचं नाव नातवाला ठेवत्यात न्हाई का? मंग नातवावर कशापायी रागावतीस?"

मी पुढचा अंक आणवला.

कलम ४. मळवलीचे दुकान, जागेसह, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी चिमाबाई शिदू ठाकर हिला पूर्ण मालकीहक्काने देते. त्यावर माझ्या कोणाही नातलगाचा हक्क नाही.

हे गोरखला सांगितले तेव्हा तो उभ्या उभ्या म्हणाला, "काकी, वाडीवरच्या बाईला दुकान? लोक काय म्हनतील?"

"लोक च्या म्हनतील. दुसरं काय म्हननार?"

"मंग मी कोन तुजा?"

ते मला लागले. "तू घरचा हायेस, म्हनून घर तुला. पर दुकानात माज्याबरुबर कोन उभं राहिलं, ते तूच सांग," मी म्हटले. तो पाठ फिरवून गेला आणि दसऱ्याला सोने द्यायलाही आला नाही.

दिवाळीच्या आधी दुकानातच मला कळ आली आणि मी खाली बसले. चिमाबाई अनवाणी धावत भाज्याला गेली आणि गोरखला ओढून घेऊन आली. दोघांनी मला टेम्पोत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेले. मी शुद्धीवर आले तेव्हा दाराबाहेर कोणीतरी गडगडाटी हसत होते. कान दिला. गोरख होता. वाट बघणे सोसेना म्हणून चिमाबाईने पिशवीतला नवा अंक त्याच्या हातात दिला होता, आणि तो विखारशास्त्र्याचा आवाज काढून तिला वाचून दाखवत होता. ती विचारत होती, "मंग? फुडं?" मी हाक मारली नाही. पडल्या पडल्या तो अंक ऐकून संपवला.

मग तो आत आला, माझ्या पायाशी बसला. म्हणाला, "काकी, दुकान तिलाच दे." मग उठता उठता म्हणाला, "फुडचा अंक कवा येतो?"

म्हणून नवे अंक, आलेले आणि येणारे, गोरखला देते. अट एकच. अंक आला की त्याने दुकानात बसून तो चिमाबाईला मोठ्याने वाचून दाखवावा. चहा तिने पाजावा.

कलम ५. या व्यवस्थेची अंमलबजावणी पोस्टमास्तर बाजीराव तिकोने यांनी करावी. मी जिवंत आहे तोवर सर्व काही माझेच आहे आणि पुण्याहून परत आल्यावरही राहील. तोवर कोणी माझ्या गल्ल्यावर बसू नये.

हे सर्व वाचून, साक्षीदारांना ऐकवून, समजून-उमजून सही करते. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये असा कायदा आहे म्हणे, म्हणून चिमाबाईला बाहेर थांबवले आहे. लोणावळा लोकल आली, ती हाका मारते आहे, "आक्का, आटप की गं! धा च्या हायेत!" दूध उतू जायच्या आत उठते.

सही: झुंबरबाई कोंडाजी केदारी

साक्षीदार:
१. बाजीराव गणपत तिकोने, पोस्टमास्तर
२. हौशीराम धोंडिबा येवले, स्टेशनवरील हमाल

ठिकाण: मळवली
दिनांक: २९ नोव्हेंबर १९७३