व्योमविप्लव आणि हिरवा झेंडा

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. (कुलूप सापडलं की कपाटात.)

बावीस वर्षं ट्रंकेत पडून असलेलं माझं ‘व्योमविप्लव’ हे नाटक शिरूरच्या एकांकिका स्पर्धेत उतरवतो आहे. अर्ज आजच टाकला. कथा अशी: अंतराळातल्या एका वसाहतीवर जुलमी सम्राट. तो श्वासावर कर बसवतो. तेजोमती नावाची तरुणी बंडखोर जमवते, यान पळवते आणि पृथ्वीकडे परत निघते. निघण्यापूर्वी सम्राटाचं स्वगत. ते स्वगत हाच नाटकाचा प्राण.

लेखक मी, दिग्दर्शक मी, सम्राट मी.

स्पर्धेला मर्यादा पंचेचाळीस मिनिटांची. नाटक दोन तास दहा मिनिटांचं. किरकोळ बाब. परीक्षक रसिक असतील तर घड्याळ बघणार नाहीत.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. कोमट पाणी, ॐकार, स्वगताची तालीम.

सुलक्षणाला सांगितलं. बायकोने डोळे भरून बघावं अशी अपेक्षा होती. तिने विचारलं, बाकीची माणसं कोण?

३ डिसेंबर
साडेसातला उठलो. पंचवीस वर्षं दौंडचा वार्ताहर आहे. बातमीत चूक होते ती अपुऱ्या झोपेमुळेच. झोपेत मात्र ॐकार चालू होता. सुलक्षणा त्याला घोरणं म्हणते.

५ डिसेंबर, गुरुवार
रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये निवड. साठ येतील म्हणून साठ चहा सांगितले होते. आठ जण आले. चहा हॉलच्या वॉचमनला फार आवडला.

तेजोमती मिळाली. हर्षदा. वय चोवीस. शिरूरकडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर नटबोल्ट तपासते. संहितेचं पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, सर, यातलं निम्मं रिजेक्ट हाय. मी विचारलं, का? म्हणाली, बंड करणाऱ्या पोरीला एवढा वेळ कुठनं मिळतो बोलायला?

उद्धटपणा भूमिकेला पोषक. घेतली. घडवीन.

यानाच्या मुख्य चालकासाठी सर्जेराव आप्पा. छत्तीस वर्षं रेल्वे इंजिन चालवून निवृत्त. लाइट आणि साउंडला पप्पू. बाकी पाच जण बंडखोर.

९ डिसेंबर
आप्पांनी शंका काढली. पहिल्या प्रवेशात यान पुढं जातं. शेवटी पृथ्वीकडं परत येतं. मधी इंजिन कवा फिरवलं?

मी समजावलं की अवकाशाला टोक नसतं, यान नुसतं वळतं. आप्पा म्हणाले, अख्खी गाडी वळत नसती ओ. पुण्याहनं मनमाडकडं जायचं तर दौंडाला इंजिन म्होरनं काढायचं, माघं लावायचं. बाहेरनं जाणारी कॉर्ड लाइन झाल्यापासून निम्म्या गाड्या परस्पर जायला लागल्या ते सोडा, पण रीत ती रीत. आणि इंजिन लागलं तरी मागनं गार्डाचा हिरवा झेंडा दिसल्याबिगर मी गाडी हलवत न्हाई. छत्तीस वर्षांत हलवली न्हाई.

बंडखोर माना डोलवत होते. या गावात खगोलशास्त्राची ही स्थिती. संकल्प: गुरुवारी ग्रहगोलांवर व्याख्यान देणे.

१२ डिसेंबर
व्याख्यान झालं. उपस्थिती एक. पप्पू. तो पंखा काढायला आला होता, पण शनीच्या कड्यांपर्यंत थांबला. शिडी दुसऱ्याकडे होती.

१५ डिसेंबर, रविवार
आज प्रथमच स्वगत सर्वांसमोर. हर्षदाने मोबाइलवर वेळ लावली. चौदा मिनिटं चाळीस सेकंद. मी सांगितलं, यात तीन विराम आहेत, तेवढे धरू नका. ती म्हणाली, तिसऱ्या विरामात तुम्ही खिशातला कागद काढला.

स्वतःच लिहिलेलं विसरणं ही वेगळी अवस्था असते. नवख्यांना ती कळत नाही.

तालमीनंतर मुलांना शिस्त लावायला मोठ्याने बोललो. हर्षदा शांतपणे म्हणाली, आमचे म्हस्कू आबा मेंढरं घेऊन पार कोकणात जायचे, पण मागनं वरडायचे न्हाईत, म्होरं चालायचे. मी म्हणालो, आबांचा आणि नाट्यशास्त्राचा संबंध काय? ती म्हणाली, तेच म्हणते मी.

मुद्दा मीच जिंकला असं वाटतं.

१८ डिसेंबर
तालमीला जाता आलं नाही. यवतला धाब्यामागे बिबट्या. पुणे ऑफिसचा फोन, ताबडतोब जा. गेलो. कुत्रं निघालं. धाब्यावर मिसळ चांगली होती.

माझ्यावाचून तालीम अडली असणार. वाईट वाटलं.

१९ डिसेंबर
अडली नव्हती. पहिल्यांदाच अख्खं नाटक झालं म्हणे. एकेचाळीस मिनिटांत.

संहिता हर्षदाकडून परत आली. पानापानावर स्टिकर. कारखान्यातली पद्धत: लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे दुरुस्ती, हिरवा म्हणजे पास. एकूण चौऱ्याऐंशी पानं. हिरवा स्टिकर एकाच पानाला. पात्रांच्या यादीचं पान.

‘हे नराधमा, तुझ्या दमनचक्राचा अंत समीप आला आहे’ या माझ्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय: लय झालं आता, सरका.

आशय तोच आहे हे मान्य. पण कानाला चटका बसतो.

स्वगतावर लाल.

२१ डिसेंबर, शनिवार
आज निर्वाणीचं बोललो. एक तर स्वगत राहील, नाही तर मी नाही. शब्द जसेच्या तसे असतील तरच सम्राट उभा राहील.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. परिणाम झाला हे उघड होतं. मग पप्पूने विचारलं, मामा, मुकुट ठेवून जाताय का घेऊन?

हर्षदा एवढंच म्हणाली, सर, सम्राट आम्ही आवाजात करू. दिसत न्हाई त्याचीच जास्त भीती वाटते.

बंड दुसऱ्या अंकात होतं. त्यांनी तालमीतच केलं. एका अर्थी ही माझ्याच दिग्दर्शनाची पावती. सोमवारपर्यंत विचार करायला मुदत दिली आहे. माझ्याशिवाय चालणार नाही, येतील.

२३ डिसेंबर, सोमवार
कुणी आलं नाही. फोनला रेंज नसावी. सुलक्षणाच्या फोनवरून स्वतःला रिंग देऊन पाहिली. वाजला.

२४ डिसेंबर
पाण्याची बाटली हॉलमध्ये राहिली होती. ती आणायला गेलो, दुसरं काही नाही. (बाटली घरीच होती, हे नंतर लक्षात आलं.)

तालीम जोरात. यान म्हणजे ओळीने मांडलेली बाकं. इंजिन म्हणजे पप्पूचा चाकं लावलेला स्पीकरचा खोका, वर चंदेरी कागद. शेवटच्या प्रवेशात आप्पा ते पुढून सोडवतात, ओढत मागे नेतात, पुन्हा जोडतात. तोवर पाच बंडखोर आणि हर्षदा यानात बसून वाट बघतात. एक जण खाली उतरून वडापाव घेऊन येतो. अंतराळात. मी डोळे मिटून घेतले.

हर्षदाने तालीम न थांबवता माझ्या हातात हिरवा झेंडा दिला. म्हणाली, बरं झालं आलात, गार्ड नव्हता. तिकडच्या टोकाला उभे ऱ्हावा. संवाद न्हाईत.

रात्रभर विचार करून सांगतो म्हणालो. पण आप्पांनी माहिती दिली की नव्या नियमाप्रमाणे गार्ड असं म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात. मॅनेजर म्हणजे व्यवस्थापक. म्हणजे एका परीने दिग्दर्शकच. तत्काळ होकार दिला.

२८ डिसेंबर. दुपारी
झेंडा हातात धरून उभा असताना लख्ख सुचलं. बावीस वर्षांचं नाटक असं मुकं जाऊ द्यायचं का?

योजना: माझा झेंडा दिसल्याशिवाय आप्पा यान हलवणार नाहीत. ते नाटकातसुद्धा हलवणार नाहीत, मी ओळखतो त्यांना. म्हणजे शिरूरला, भर प्रयोगात, माझ्या परवानगीशिवाय बंड पुढे सरकू शकत नाही. मी झेंडा खाली धरीन. पुढे येईन. आणि स्वगत म्हणेन. संपूर्ण. मग हवं तर जा पृथ्वीवर.

आठवण नको दगा द्यायला म्हणून स्वगताचा कागद झेंड्याच्या काठीला आतून गुंडाळला आहे.

संकल्प: उद्यापासून खरंच पाच वाजता.

२९ डिसेंबर
पावणेआठ.

३ जानेवारी, शुक्रवार
स्वगत पाठ. सुलक्षणाला स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी थांबलो नाही. कसं वाटलं विचारलं. म्हणाली, डाळ शिजली.

पप्पू आज झेंड्याची काठी हातात घेऊन बराच वेळ बघत होता. संशय यायला नको म्हणून त्याला व्होल्टेजविषयी विचारलं.

५ जानेवारी, रविवार. दुपारी १२, टेम्पोत
चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो आहोत. मागे बाकं, खोका आणि बंडखोर. हर्षदा पुढे ड्रायव्हरशेजारी. आठवडाभर सकाळची पाळी करून तालमीला येत होती, डोळे लाल आहेत, तरी यादी तपासते आहे. कारखान्यातल्या साहेबांनी तिला सांगितलंय म्हणे, नाटकं करायची तर शिरूरला बक्षीस आणून दाखव, मग पुण्याच्या फेरीला सुट्टी मागायला ये.

क्षणभर माझी योजना डगमगली. पण कलेला माणूस पाहता येत नाही.

शिरूरला रेल्वे नाही. इंजिन फिरवण्याचा प्रकार तिथे कुणाला समजणार नाही, सभागृह थंड पडेल, आणि नेमकं तेव्हा माझं स्वगत येईल. नाटक वाचवणारा मीच ठरेन.

५ जानेवारी. संध्याकाळी ७
जसं घडलं तसं लिहितो.

शिरूरला रेल्वे नाही, पण शिरूरचे सगळे लोक कधी ना कधी गाडीला दौंडलाच येतात हे मी लक्षात घेतलं नव्हतं. आप्पांनी इंजिन सोडवलं आणि सभागृहात हशा सुरू झाला. वडापाव आला तेव्हा टाळ्या. आप्पांनी इंजिन जोडलं. माझ्याकडे पाहिलं.

मी झेंडा खाली धरला. पुढे आलो. तोंड उघडलं.

काही नाही. पहिला शब्दसुद्धा नाही. काठी चाचपली. कागद तिथे होता, पण उलटा गुंडाळलेला, आणि चष्मा टेम्पोत.

आप्पा हलेनात. हर्षदा हलेना. मी उभा. मग मागून कुणीतरी आरोळी दिली, ओ गार्डसाहेब, द्या की झेंडा, पोरं घरी चाललीत. त्यावर हशा. मग दहाएक जण. मग अख्खं सभागृह, झेंडा, झेंडा. मी सम्राट होण्यासाठी बावीस वर्षं थांबलो होतो. त्या क्षणी झालोच होतो म्हणायचं. सगळे माझ्या विरुद्ध होते.

हर्षदा यानातून उतरली. चालत माझ्यासमोर आली. लय झालं आता, सरका, असं म्हणेल वाटलं. ते वाक्य तिथलंच होतं. ती हळू म्हणाली, मामा, झेंडा दाखवा.

दाखवला.

यान सुटलं तेव्हा लोक उभे राहिले होते.

पहिलं बक्षीस. पुण्याच्या फेरीसाठी निवड. मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, ‘लक्षवेधी मूक अभिनय’. परीक्षकांनी विचारलं, रेल्वेत आपली नोकरी कोणत्या डिव्हिजनला?

टेम्पोत बसताना हर्षदाने मोबाइल दाखवला. म्हणाली, एक मिनिट वीस सेकंद थांबलात. पुण्यालाही तेवढंच थांबायचं, कमी न्हाई, जास्त न्हाई. मी म्हणालो, मला खरं म्हणजे काही बोलायचं होतं. ती म्हणाली, म्हाईतीये. पप्पूनं काठी दाखवली होती. तीन मिनिटं सोडली होती मी तुमच्यासाठी, पंचेचाळीसात बसत होती. तुम्हीच बोलला न्हाईत.

मग पर्समधून एक हिरवा स्टिकर काढून झेंड्याच्या काठीवर चिकटवला आणि डोळे मिटून झोपून गेली.

६ जानेवारी, सोमवार
स्पर्धेची बातमी काल रात्रीच पाठवली, साडेसहाशे शब्द. आज छापून आली, चार ओळी. माझं नाव नाही. पप्पूचं आहे.

सुलक्षणाने प्रमाणपत्र वाचलं. विचारलं, किती वेळ होतात स्टेजवर? म्हणालो, जवळजवळ दीड मिनिट, आणि सगळं सभागृह माझ्याकडेच बघत होतं. तिने विचारलं, बोललात काय?

काही नाही, म्हणालो.

ती म्हणाली, तरीच.